बिऱ्हाडकरू

भाडेकरू हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्यात माणूस दिसत नाही, भाडे तेवढे दिसते. महिन्याच्या पाच तारखेला कुणीतरी पैसे मोजतो आणि त्याबद्दल चार भिंतींचा उपभोग घेतो, एवढाच बोध त्या शब्दातून होतो. त्या माणसाला बायको असेल, शाळेत जाणारी मुलगी असेल, खिडकीत तुळस असेल, संधिवाताने जेरीला आलेली आई असेल, याचा त्या शब्दाला पत्ताही नसतो. त्याच्या शेजारी आपला जुना शब्द ठेवून पाहा : बिऱ्हाडकरू. बिऱ्हाड म्हटले की चूल आली, पाटपाणी आले, दोरीवर वाळणारी लुगडी आली, रात्री रडणारे पोर आले. 'आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडे आहेत' असे सांगणारा जुना पुणेकर मालक भाड्याचा हिशेब ठेवीत नसे असे मुळीच नाही. तो पैपैचा हिशेब ठेवी. पण बोलताना त्याच्या तोंडी संसार येत, उत्पन्न येत नसे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. हल्ली शहरातल्या कित्येक संसारांची तीच गत आहे. अकरा महिने झाले की टेंपो दारात उभा राहतो. गादीच्या वळकट्या, धुण्याचे यंत्र, मुलाची सायकल आणि देव्हारा अशी वरात निघते आणि दुसऱ्या एखाद्या इमारतीच्या लिफ्टपाशी जाऊन थांबते. ही वरात पाहून मला नेहमी प्रश्न पडतो, की ही माणसे निघतात ती भाडे परवडत नाही म्हणून, का थांबा असे कुणी म्हटले नाही म्हणून?

हा प्रश्न आमच्या ठाण्याच्या इमारतीत मोठ्या गंभीरपणे सभेपुढे आला. सात मजले, अठ्ठावीस घरे आणि त्यांपैकी अकरा भाड्याने दिलेली, असा आमचा संसार. कार्यक्रमपत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर लिहिले होते : 'भाडेकरू टिकत नाहीत, त्याबाबत विचार करणे.' ती सभा कशी झाली ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे. कारण या प्रश्नाची मुळे आमच्या इमारतीच्या पायापेक्षा बरीच खोल गेलेली आहेत.

मी वाढलो गिरगावातल्या एका चाळीत. तिथे सगळेच भाडेकरू होते. मालक आम्ही कधी पाहिलाच नव्हता. त्याचा मेहताजी महिन्यातून एकदा पावत्यांचे बाड घेऊन येई, तेवढाच मालकाचा साक्षात्कार. आणि तरी त्या चाळीतून कुणी जात नसे. आजोबांनी घेतलेल्या खोलीत नातवाचे बारसे होई. आता याचे सारे श्रेय शेजारधर्माला देऊन मी मोकळा झालो तर ते खोटे ठरेल. मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आमच्या पाठीशी उभा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानून त्या कायद्याने भाडी जवळजवळ गोठवूनच टाकली होती. अशी खोली जो सोडील तो वेडा. शिवाय पागडीचे गणित होतेच. तेव्हा चाळकरी चिकटून राहिला याला कायद्याचे बळ होते, हे आधी कबूल केलेले बरे.

पण कायदा माणसाला खोलीत ठेवू शकतो. दारात उभा करू शकत नाही. आमच्या चाळीतली जी मंडळी पुढे पार्ल्याला, डोंबिवलीला ब्लॉक घेऊन गेली, ती गणपतीच्या दिवसांत न चुकता परत येत. त्यांना कोणत्या कायद्याने ओढून आणले? गिरगावातल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, आणि पुढे चाळीचाळींतून आरत्या घुमू लागल्या. आरास करणारे, वर्गणी गोळा करणारे, नाटकात शिपायाचे काम करणारे सगळे भाडेकरूच होते. पण उत्सव भाड्याचा नव्हता.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. चाळ बांधणाऱ्याने काटकसरीपायी दोन गोष्टी सामाईक ठेवल्या : एक गॅलरी आणि दुसरा नळ. गॅलरीतून जाताना प्रत्येकाच्या दारावरून जावे लागे आणि दारे दिवसभर सताड उघडी. कुणाच्या घरी बोंबील आहेत, कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची सून रुसली, हे विचारावे लागत नसे. नळावर तर रोज पहाटे भांडण. पण भांडायलासुद्धा ओळख लागते! जिच्याशी सकाळी बादलीवरून कडाक्याचे वाजले, तिच्याचकडे दुपारी विरजण मागायला जावे लागे. एकमेकांची गरज इतकी होती, की अबोला धरणे चैनीत जमा होई.

म्हणून काही मी पुन्हा चाळीत राहायला जाणार नाही, आणि कुणी जावे असेही म्हणणार नाही. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतली खोली असे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-दहा माणसे, आणि सामाईक संडासापुढे रांग. त्या हालांना गोडवा चढवणे सोपे आहे. ते ज्यांनी काढले त्यांना विचारावे. वरळीच्या पहिल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या उंच इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण लगेच मनात आले, की आता त्यांच्याही पुढे आमचाच प्रश्न येणार. लिफ्टला गॅलरी नसते. जी ओळख आधी बांधकामच करून देत होते, ती आता माणसांना स्वतः करून घ्यावी लागणार.

आमच्या इमारतीत ती कशी होत नव्हती, याचा एक नमुना सांगतो. एकदा एप्रिल महिन्यात पाण्याचा पंप जळाला. चिटणिसांनी तत्परतेने व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप धाडला : 'आज संध्याकाळपर्यंत पाणी येणार नाही. सर्वांनी भरून ठेवावे.' त्या गटात फक्त मालक होते. तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही ही वार्ता पाच मिनिटांत न्यू जर्सीला पोचली, बंगळूरला पोचली, दुबईलाही पोचली. ती फक्त तिसऱ्या मजल्यावर पोचली नाही! तिथल्या बाई अंगाला साबण लावून बसल्या होत्या. न्यू जर्सीच्या मालकांनी मात्र उलट निरोप धाडून पंपाबद्दल हळहळ व्यक्त केली.

आम्ही पुष्कळ हसलो. पण त्या हसण्यात सगळा रोग दिसत होता. जो घरात राहत नाही त्याचे नाव आमच्या यादीत होते, आणि जो राहतो त्याचा आम्हाला क्रमांक तेवढा ठाऊक होता. 'तीनशेचारवाल्यांनी गाडी आडवी लावली', 'पाचशेएकचे लोक कचरा उशिरा ठेवतात'. तुरुंगात असते तशी ही भाषा. फरक एवढाच, की तुरुंगातल्या माणसाला मुदत निदान अकरा महिन्यांहून मोठी मिळते.

ही अकरा महिन्यांची मुदत तरी कुठून आली? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. तो खर्च आणि खटाटोप टाळायला लोकांनी एक महिना कमी केला. दुसरे कारण भीतीचे. १९७३ साली मुंबईच्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे 'लिव्ह अँड लायसन्स'वर जागा वापरीत होते त्यांना कायद्याने भाडेकरू म्हणून संरक्षण मिळाले. मालकांच्या पोटात तेव्हा जो गोळा उठला तो पन्नास वर्षांनंतरही पुरता विरलेला नाही. वास्तविक आता काळ पालटला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याप्रमाणे असा करार लेखी करून नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. आणि मुदत संपल्यावर जो जागा सोडणार नाही त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे अकराचा आकडा मुळात ज्या कारणाने आला ते कारण गेले. आकडा मात्र मुंजासारखा पिंपळावर बसून आहे.

आता सभेकडे वळतो. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मुद्देसूद मांडणी केली : तळमजल्याला रंग काढावा, दोन कॅमेरे वाढवावेत, गच्चीवर व्यायामाची यंत्रे बसवावीत, म्हणजे चांगले भाडेकरू येतील आणि टिकतील. अंदाजपत्रकही तयार होते. मंजुरीसाठी हात वर होणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठून उभ्या राहिल्या.

या काकू सभेत कधी बोलत नाहीत. त्यांचे यजमान खाजगी नोकरीत होते, निवृत्तिवेतन नव्हते. त्यांनी दूरदृष्टीने शेजारचे छोटे घर घेऊन ठेवले. ते गेल्यापासून काकू दोनशेएकमध्ये राहतात आणि दोनशेदोनच्या भाड्यावर जगतात. 'माझं पेन्शन शेजारी राहतं,' असे त्या हसून म्हणत. पण तीन वर्षांत तीन बिऱ्हाडे गेली होती. दर वेळी घर महिना-दोन महिने रिकामे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी त्यापायी दोनदा पुढे ढकलली होती.

'रंगानं माणूस राहत नाही हो,' काकू म्हणाल्या. 'मागच्या बिऱ्हाडाला मी विचारलं, का जाता? भाडं वाढवत नाही म्हटलं. ती पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्याबद्दल काहीच नाही. पण अकरा महिन्यांत इथं मला तुमच्याखेरीज कुणी नावानं हाक मारली नाही. आणि खाली खेळताना मुलं माझ्या मुलीला 'दोनशेदोन' म्हणतात. परवा तिनं चित्राखाली नावाच्या जागी तेच लिहिलं."'

सभा क्षणभर गप्प झाली. मग चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाकरले. 'मी चाळीस वर्षं टपालात काढली. नुसत्या घर नंबरावर आम्ही मनिऑर्डर देत नसू. नाव लागायचं. तळमजल्यावरच्या पाटीवर राहणाऱ्यांची नावं घाला. सुरुवात तिथून करा.'

लगेच सातव्या मजल्यावरून, म्हणजे तिथल्या सभासदांकडून, हरकत आली. 'आज पाटीवर नाव, उद्या घरावर हक्क!' तोच १९७३ चा गोळा. चिटणिसांनी त्यांना समजावले, की घराचा हक्क नोंदवलेल्या करारावरून ठरतो, पाटीवरच्या रंगावरून ठरत नाही. तरी ते शांत होईनात. तेव्हा पोस्टमास्तरांनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे संस्थेचे नोंदणीपत्र चौकटीत लावलेले आहे. आम्ही त्याला दर दसऱ्याला हार घालतो, पण वाचत कुणीच नाही. त्यावर संस्थेचा प्रकार लिहिलेला होता : 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था.'

या प्रकाराचा अर्थ मोठा मजेचा आहे. त्यात जमीन संस्थेची आणि इमारतही संस्थेची. सभासदाला तीत राहायला घर मिळते. म्हणजे ज्याला आपण मालक म्हणतो तो मुळात आपल्याच संस्थेचा सहभागी भाडेकरू! मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी घरांची संस्था काढली, ती आपल्या देशातल्या अगदी आद्य संस्थांपैकी एक. चढ्या भाड्यांनी गांजलेल्या मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन आपले आपण मालक व्हावे, ही सहकारी घरबांधणीची कल्पना. भाडेकरूंच्याच पोटी जन्मलेल्या त्या चळवळीच्या छपराखाली आता 'भाडेकरू' हा परका ठरला होता. सातव्या मजल्यावरचे सभासद ती चौकट दोनदा वाचून खाली बसले. ठराव मंजूर झाला. व्यायामाची यंत्रे बारगळली.

पुढे आम्ही जे केले त्यात थोर असे काही नाही. पाटीवर अठ्ठावीस खाचा केल्या आणि प्रत्येकीत राहणाऱ्याच्या नावाची पट्टी सरकवली. माणूस बदलला की पट्टी बदलायची. व्हॉट्सॲपचे गट दोन केले : हिशेबाचा मालकांसाठी आणि पाण्याचा राहणाऱ्यांसाठी. नवे बिऱ्हाड यायचे त्या दिवशी त्या मजल्यावरच्या कुणीतरी चहाचा थर्मास आणि एक कागद घेऊन जायचे. कागदावर पाण्याच्या वेळा, दूधवाला, रद्दीवाला, जवळचा डॉक्टर, रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान. गणपतीच्या आरतीचा मान चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या अठ्ठावीस, सतरा नव्हेत. सभेला सगळ्यांनी यायचे. मत सभासदांचे, पण बोलणे सगळ्यांचे. मुलांना मात्र काही शिकवावे लागले नाही. पाटीवर नावे लागली आणि क्रमांकांच्या हाका आपोआप बंद झाल्या. मुले मोठ्यांचेच तर ऐकत होती.

खर्चाचा प्रश्न पोस्टमास्तरांनीच सोडवला. घर भाड्याने दिले की संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा सरकारी आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. 'ही रक्कम ज्यांच्या राहण्यामुळे येते, त्यांच्या चहाला त्यातले चार पैसे जाऊ द्या,' असे ते म्हणाले. हिशेबतपासनिसांनीही त्यावर शेरा मारला नाही.

सहाव्या मजल्यावर तीन अविवाहित तरुण राहत. त्यांच्याविषयी इमारतीत अशी समजूत होती, की ते रात्रभर जागे असतात. समजूत खरी निघाली. त्यांचे काम परदेशी कंपनीचे, म्हणून रात्रीचे. त्या जागरणाचा उपयोग असा झाला, की पहाटे तीनला येणाऱ्या पाण्याचा पंप चालू करण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. ज्यांना घर देऊ नये असा ठराव एकदा यायचा होता, त्यांच्यावर आता अठ्ठावीस घरांची आंघोळ अवलंबून आहे.

याचा व्यवहारी मालकांना काय लाभ, असे कुणी विचारील तर त्याचे गणितही सांगतो. समजा, भाडे २५,००० रुपये आहे. मालक नव्या माणसाकडून १० टक्के जास्त घेतो. म्हणजे महिन्याला २,५०० आणि अकरा महिन्यांचे २७,५००. पण जुने बिऱ्हाड गेल्यावर घर एक महिना रिकामे राहिले की २५,००० गेले. दलालाने एका महिन्याचे भाडे मागितले तर आणखी २५,०००. रंग, नळाची दुरुस्ती, नवा करार आणि त्याची नोंदणी वेगळीच. वाढीच्या लोभाने काढलेला माणूस मालकाला असा महाग पडतो. काकूंचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हे गणित त्यांना आमच्या बँकवाल्या अध्यक्षांच्या आधी कळले होते.

दोनशेदोनमध्ये सध्या लातूरकडचे कुटुंब आहे. नवराबायको, एक मुलगी आणि त्याची आई. करार तीनदा नव्याने झाला. मध्यंतरी त्या गृहस्थांची नोकरी बेलापूरला गेली. तिकडे घर पाहिले, बयाणाही द्यायचा होता. रोजचा दीड तास वाचला असता. शेवटी गेले नाहीत. मी कारण विचारले तेव्हा ते जरा संकोचून म्हणाले, 'आईला इथं खाली बसायला बायका मिळाल्यात. गावाकडं ती ओट्यावर बसायची. इथं आल्यापासून पहिल्यांदाच "परत कधी जायचं" असं विचारत नाही.' त्या म्हातारीसाठी तो मनुष्य रोज गाडीत उभा राहून जातो-येतो. भाडे त्यांचे वाढले, पण जेवढे काकूंनी मागितले तेवढेच. आणि काकूंनी मागितले ते निम्मे.

काकूंची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. नंतर कित्येक दिवस ठराविक वेळांनी थेंब घालावे लागत. ते काम दोनशेदोनमधल्या मुलीने केले. वेळा लिहिलेला कागद तिने दाराला आतून चिकटवला होता आणि शाळेतून आली की दप्तर न काढता आधी काकूंकडे जाई. तिचे नाव मी इथे छापत नाही. ते आमच्या पाटीवर आहे.

एवढे सांगून सगळे बेस झाले असा देखावा मला करायचा नाही. पहिल्या मजल्यावरचे एक कुटुंब गेल्या वर्षी गेलेच. मालकाला परगावी बसून एकदम मोठी वाढ हवी होती आणि त्या माणसाच्या पगारात ती बसेना. तिथे आमचा चहा आणि आमची पाटी दोन्ही थिटी पडली. शेजार कितीही चांगला असला तरी तो भाडे भरीत नाही. ज्याला परवडत नाही त्याने आपल्या प्रेमाखातर राहावे असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. माणूस टिकवणे म्हणजे त्याला अडकवणे नव्हे. पण ते निघाले त्या दिवशी टेंपोपाशी तेरा-चौदा माणसे उभी होती. कुणी नारळ दिला, कुणी वाटेत खायला दशम्या दिल्या, आणि तीन रात्रपाळीवाल्यांनी डोळे चोळत कपाट उतरवले. ते घर नंतर पाच महिने रिकामे राहिले. ते कुटुंब यंदाही गणपतीला आले होते, थेट चाळीतल्या लोकांसारखे.

मला वाटते, माणूस जागेत राहतो तो दोन कारणांनी. एक, ती सोडणे महाग पडते म्हणून. आणि दुसरे, तिथे आपण नसलो तर कुणाला तरी चुकल्यासारखे वाटेल म्हणून. पहिले कारण कायद्याने, पागडीने, भाड्याने ठरते आणि ते आपल्या हातात फारसे नसते. दुसरे अगदीच स्वस्त आहे. त्याला बांधकामाची परवानगी लागत नाही आणि सर्वसाधारण सभेचा ठरावही लागत नाही.

दिवाळी आली आहे. फराळाची ताटे आता जिन्यांवरून जाऊ-येऊ लागतील. आपल्याकडे रिवाज असा, की ज्याच्याकडून ताट येते त्याच्याकडेच ताट जाते. त्यामुळे नव्या बिऱ्हाडापाशी ते बहुधा पोचतच नाही. त्याने आधी पाठवावे म्हणून आपण थांबतो, आणि आधी पाठवले तर चालेल का म्हणून तो थांबतो. दोघांच्याही चकल्या मऊ पडतात. तेव्हा यंदा आपणच एक ताट जास्तीचे वाढावे. ज्या दारावर नावाची पाटी नाही, किंवा आहे ती भलत्याच माणसाची आहे, तिथली घंटा वाजवावी. दार उघडणारे माणूस जरा गोंधळेल. आपण चुकून आलो असे त्याला वाटेल. त्याच्या हाती ताट द्यावे आणि आधी त्याचे नाव विचारावे.